किल्ली कुणाच्या हातात?

मैत्रिणींनो, घराबाहेर पडताना कुलूप लावलं की तुम्ही ते किती वेळा ओढून बघता? मी तीनदा बघते. एकदा लावल्याबरोबर, एकदा चपला घालून झाल्यावर आणि एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येऊन. मग रिक्षात बसल्यावर पर्समध्ये किल्ली चाचपायची, ते वेगळंच. आमच्याकडे यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण आजूबाजूला विचारलं तर बहुतेक घरांत कुलूप ओढून बघणारी एक तरी बाई असतेच असते. घर नवऱ्याच्या नावावर असो नाहीतर सासऱ्यांच्या, कुलपाची काळजी मात्र आपल्या नावावर!

तर अशा आपल्यासारख्या कुलूपवेड्या बायकांसाठी ही गंमत. आता किल्लीच नसलेलं कुलूप निघालंय. लॅच नव्हे हं, कडीत अडकवायचं लोंबतं कुलूप. त्याच्याजवळ नुसता हात न्यायचा, आत बारीकसा आवाज होतो आणि कुलूप उघडतं. हात मात्र साधा नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधल्या मऊ भागात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली असते. म्हणजे किल्ली कमरेला नाही, पर्समध्ये नाही, थेट अंगात!

हे काही कालपरवाचं खूळ नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केविन वॉर्विक यांनी स्वतःच्या हातात अशी चिप बसवून घेतली होती. ते आले की विभागाची दारं आपोआप उघडायची, दिवे लागायचे. २००५ मध्ये अमेरिकेत अमाल ग्राफस्ट्रा या गृहस्थांनी घराचं दार उघडायला हाच उपाय केला आणि पुढे अशा चिपा विकायचा व्यवसायच सुरू केला. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एपिसेंटर नावाच्या इमारतीत २०१५ पासून लोक हौसेनं चिप टोचून घेऊ लागले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थ्री स्क्वेअर मार्केट या कंपनीच्या चाळीस-पन्नास कर्मचाऱ्यांनी ऑफिसचं दार उघडायला आणि खाऊच्या मशीनमधून वेफर्स घ्यायला हात टोचून घेतले. वेफर्ससाठी! आपण कान टोचताना केवढा विचार करतो.

चिपचं काम तसं सोपं आहे. काचेची बारीक नळी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. आत बॅटरी वगैरे काही नसते. हात जवळ गेला की कुलपातून निघणाऱ्या लहरींच्या जोरावर चिप क्षणभर जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपी जाते. दुकानात नुसतं टेकवून पैसे देता येतात ते बँकेचं कार्ड असतं ना, त्याच जातीतलं हे प्रकरण.

आता हे लोक कुलपाकडून मागतात तरी काय, ते बघू. पहिली गोष्ट, हात टेकवला की पहिल्या खेपेला उघडलं पाहिजे. दाण्याएवढ्या चिपला कुलूप अगदी लागून, तेही नीट त्या कोनात धरावं लागतं, आणि लोखंडाचं जाड कुलूप तर लहरी अडवतंच. दुसरं, कुलपातली बॅटरी. चिपला नसली तरी कुलपाला ती लागतेच, आणि कुलूप सारखं जागं राहिलं तर ती लवकर संपते. म्हणून कुलपाला एक बटण हवं, दाबल्याशिवाय ते जागं होणार नाही असं. बॅटरी मेलीच तर बाहेरून दुसरी टेकवून तेवढ्यापुरतं उघडता यावं. एकापेक्षा जास्त जणांच्या चिपा नोंदवता याव्यात आणि नको झालेली काढून टाकता यावी. मोबाइल आणि इंटरनेटशिवाय चालावं. आणि चिपच्या नंबराची कुणी चोरून नक्कल केली तर तिला कुलूप भुलू नये. पुष्कळ स्वस्त कुलपं नुसता नंबर बघून उघडतात आणि नंबराची नक्कल करणं अवघड नसतं, म्हणून हा आग्रह.

यादी मला शहाणपणाची वाटली. मग म्हटलं, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांना विचारून बघू, त्यांना कुलपाकडून काय हवंय. भिशीत विचारलं, बचत गटाच्या बैठकीत विचारलं, माहेरी गेले तेव्हा वाड्यातल्या बायकांना विचारलं. चिपचं सांगितल्यावर आधी सगळीकडे हशा पिकला. एक वहिनी म्हणाल्या, "म्हंजी भांडी घासताना किल्ली बी घासायची व्हय?" दुसरी म्हणाली, "माहेरी निघाले की हात हितंच ठिवून जा म्हणतील!"

हशा ओसरल्यावर पहिला मुद्दा निघाला तो शेजारणीचा. आपल्याकडे किल्ली म्हणजे एकटीची गोष्ट नसतेच मुळी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते नेमकं आपण गावाला गेल्यावर येतं, म्हणून किल्ली शेजारी द्यायची. शाळेतून पोरं लवकर येतील म्हणून द्यायची. शेतातून सासरे येतील म्हणून तुळशीवृंदावनाच्या फटीत ठेवायची. हातात बसवलेली किल्ली द्यायची कशी? "शेजारणीला काय मनगट काढून देऊ?" हा प्रश्न चेष्टेत आला, पण गंभीर होता. परदेशात एकेकटे राहणारे लोक म्हणतात, किल्ली हरवू नये. आपल्या बायका म्हणतात, किल्ली देता यावी.

हाच मुद्दा लोहारा-उमरग्याकडच्या एका काकूंनी वेगळ्या तऱ्हेनं मांडला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप त्यांनी सोसलाय. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ती पहाट, सास्तूरसारखी गावं, दगडमातीची जाड भिंतींची घरं. किल्लारी आणि आसपासच्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. काकू एवढंच म्हणाल्या, "ज्याच्या हातात किल्ली तोच आत दबला, तर भायेरच्यानं काय करायचं?" त्यावर कुणी काही बोललं नाही. चहा आला म्हणून विषय बदलला.

कळंब, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं गणित तर आणखी निराळं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, तो उन्हाळा लागल्यावर परततो. पाच-सहा महिने घराला कुलूप. जाताना बाई कुलपात दोन थेंब खोबरेल सोडते, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधते, किल्ली भावकीत ठेवते नाहीतर गळ्यातल्या दोऱ्यात ओवते. परत येते तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेलं असतं आणि कुलपावर धुळीचा थर. अशा वेळी बॅटरीचं कुलूप तिनं कुठल्या भरवशावर लावावं? गावात लाइट असली तर बाहेरून बॅटरी टेकवायची म्हणे. पण ती कोपीतून आणायची कुठून? तिची मागणी एका वाक्यात बसते: सहा महिने कुणी हात लावला नाही तरी कुलूप जिवंत राहायला हवं. आपलं साधं पितळी कुलूप हे काम निमूटपणे करतं. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला. त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली, तरी किल्ली फिरवायच्या साध्या कुलपाला अजून कुणी हटवू शकलेलं नाही. ते काय उगाच?

आणि मैत्रिणींनो, चोरीच्या बातम्या वाचताना एक शब्द तुमच्या लक्षात आलाय का? 'बंद घराचा कडीकोयंडा तोडून.' दर बातमीत हाच. चोर कुलपाच्या नादी लागतच नाही, तो कटावणीनं कोयंडा उपसतो. कुलूप धडधाकट, किल्ली पर्समध्ये, आणि दार सताड! मग कुलपात किल्ली असो, चिप असो की अंगठा, कोयंडा जुन्या फळीत दोन खिळ्यांवर उभा असेल तर सगळं सारखंच. महागडं कुलूप घेण्याआधी सुताराला बोलवून कोयंडा आरपार बोल्टनं बसवून घ्या, आणि बोल्टची नट आतल्या बाजूला येऊ द्या. हे मला कुठल्याही इंजिनीअरनं सांगितलेलं नाही, आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी सांगितलं.

पण बायकांशी बोलता बोलता जे खरं बाहेर आलं, ते चोराबद्दल नव्हतंच. ते घरातल्यांबद्दल होतं.

पूर्वी घरातल्या मोठ्या बाईच्या कमरेला चांदीचा छल्ला असायचा आणि त्यात किल्ल्या. तिजोरीची, कोठीची, तुपाच्या फडताळाची. छल्ला वाजला की सुना सावध व्हायच्या. तो ज्या दिवशी सुनेच्या कमरेला आला, त्या दिवशी घर तिचं झालं. ते दिवस गेले, छल्ले मोडून पैंजण केले. पण आजही कपाटाच्या आतल्या कप्प्याची किल्ली कुणाकडे, यावर घरातलं बरंच काही ठरतं. आमच्या बचत गटात पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवतो. अविश्वास म्हणून नव्हे. एकीच्या घरी पेटी आणि किल्ली दोन्ही असली की नवरा किंवा मुलगा रात्री मागतो, आणि तिला 'नाही' म्हणणं जड जातं. "किल्ली माझ्याकडे नाही" हे वाक्य तिच्या फार उपयोगाचं आहे.

आता विचार करा, किल्ली जर तिच्या हातातच असेल, तर हे वाक्य तिला म्हणता येईल का? साधी किल्ली लपवता येते, विहिरीत पडली म्हणता येतं, माहेरी राहिली म्हणता येतं. हात लपवता येत नाही. झोपेत धरून कुलपाला लावता येतो. दारूच्या तारेत कुणी मनगट पिरगाळून लावू शकतो. परदेशातल्या यादीत हा मुद्दा मला दिसला नव्हता. आमच्या बैठकीत मात्र तो दुसऱ्या मिनिटाला आला, आणि ज्या बाईनं काढला तिच्याकडे बाकीच्यांनी मान वळवून पाहिलं नाही, यावरून काय ते समजा.

उलट बाजूही आहे, आणि ती मांडली एका तरुण मुलीनं. ती म्हणाली, "किल्ली काढून घेऊन बाईला घराबाहेर उभं करतात. हातातली किल्ली कशी काढून घेणार?" खरंच की! भांडण झालं की "दे किल्ली आणि चालू लाग" हे किती घरांत ऐकू येतं. मला तिचं म्हणणं क्षणभर फार आवडलं. मग तिच्याच शेजारी बसलेल्या कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीनं सांगितलं की अशा कुलपात कुणाची चिप चालेल, हे ठरवणारी एक मुख्य चिप किंवा कार्ड असतं. ते ज्याच्याकडे असेल त्यानं तुमचा नंबर यादीतून काढून टाकला की हात असून नसल्यासारखा. म्हणजे छल्ला गेला नाही, त्याचा फक्त आवाज बंद झाला. हे कुलूप कुणाच्याही घरी आलं तर विचारायचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, की मुख्य कार्ड कुणाकडे?

अंगाचीच किल्ली करण्याचा थोडा अनुभव आपल्याला आधीच आहे. रेशनच्या दुकानात अंगठा लावतो ना आपण! आधार कार्डाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. तेव्हापासून बोटांच्या रेषा आपली ओळख झाल्या. पण ज्या बाईनं तीस वर्षं खुरपं धरलं, शेण सारवलं, राखेनं भांडी घासली, तिच्या रेषा राहतात कुठे? मशीनपुढं उभी राहून बोट पदराला पुसत, पुन्हा पुन्हा दाबत बसलेली बाई मी पाहिली आहे. मागची रांग चुळबुळते आणि तिला स्वतःचाच हात परका वाटायला लागतो. बाजारात आता बोटानं उघडणारी कुलपंही मिळतात. कष्टाच्या हातांना ती दाद देतील, याची खात्री मी देणार नाही. चिपचं तसं नाही, हात कितीही खरबरीत असो, ती आत सुरक्षित असते. हा गुण मान्य करायलाच हवा.

"शेळ्यांच्या कानात बिल्ला मारत्यात तसंच की ह्ये," असं एक मावशी म्हणाल्या. आपली उस्मानाबादी शेळी काळीभोर, जुळी देणारी, पुष्कळ घरांत बाईच्या हक्काची कमाई. सरकारी मोहिमेत जनावरांच्या कानाला बारा आकडी नंबराचा पिवळा बिल्ला मारतात. तो बिल्ला शेळीनं मागितलेला नसतो. मावशींना तेवढंच म्हणायचं होतं. गंमत म्हणजे ज्या विस्कॉन्सिनमध्ये २०१७ ला चिपचा समारंभ झाला, त्याच राज्यानं २००६ मध्येच कायदा करून ठेवला होता, की कुणालाही चिप बसवायची सक्ती करता येणार नाही. मालकाला नाही, सरकारलाही नाही. मावशींच्या मनात आलं ते त्यांच्या आमदारांच्याही मनात आलं होतं म्हणायचं.

मग त्याच मावशींनी विचारलं, "अन् ती बशिवताना सही कुणाची लागती?" मी सांगितलं, तुमचीच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भाबडं बोलले. त्यांचंही बरोबर. तांबी बसवायची तर सासूला विचारा, काढायची तर नवऱ्याला विचारा. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, असं स्पष्ट लिहिलेलं असतानाही "मिस्टरांची सही आणा" हे वाक्य अनेकींनी ऐकलेलं आहे. अंगात काय घालायचं आणि काय काढायचं, हा प्रश्न आपल्याला कुलपाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

कुलूप या विषयावर लिहायचं आणि शनिशिंगणापूर वगळायचं, हे कसं चालेल? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे गाव घरांना दारं-कुलपं नसण्यासाठी प्रसिद्ध. २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं तिथं 'कुलूप नसलेली' शाखा उघडली, त्याचं केवढं कौतुक झालं! पुढे कळलं की काचेच्या दाराला सहज दिसणार नाही असं विजेच्या चुंबकाचं कुलूप आहे, रिमोटवर चालणारं. म्हणजे बिनकिल्लीचं कुलूप आपल्या मराठी मुलखात कधीच येऊन बसलंय, देवाचाही मान राखून. आणि एक बघा, ज्या गावात घराला कुलूप नाही, तिथल्या चौथऱ्यावर बायकांना मात्र २०१६ च्या एप्रिलपर्यंत चढता येत नव्हतं. काही कुलपं लोखंडाची नसतात, एवढंच.

तर मग ही नवी कुलपं आपल्या कामाचीच नाहीत का? तसं नाही. संधिवातानं बोटं वाकडी झालेली आजी, अंधारात किल्लीचं भोक न सापडणारी मोतीबिंदूची काकू, दोन्ही हातांत रजिस्टर आणि औषधांची पेटी घेऊन उपकेंद्राचं दार उघडणारी नर्सताई, यांना टेकवलं की उघडणारं कुलूप वरदान ठरेल. आणि त्यासाठी सुई टोचून घ्यायची गरजही नाही. हीच चिप कार्डात बसते, किल्लीच्या बिल्ल्यात बसते, अंगठीतही बसते. अंगठी शेजारणीला देता येते, डब्यात टाकता येते आणि वेळ आली तर "हरवली" असंही म्हणता येतं! मला विचाराल तर मी अंगठीवर थांबेन. घेताना दुकानदाराला विचारा, बॅटरी संपली तर उघडायचं कसं, साध्या किल्लीची सोय आहे का, पावसात चालेल का आणि मोबाइल अ‍ॅपशिवाय चालेल का. अ‍ॅपवाली कुलपं किती वाजता कुणी उघडलं, याची नोंद ठेवतात. दुकानाच्या शटरला ते सोयीचं आहे. पण माझ्या कपाटाला? मी दुपारी कपाट उघडलं की कुणाच्या तरी मोबाइलवर टिंग वाजावं, ही कल्पना मला तरी सोसणार नाही.

टिंगवरून आठवलं, अगदी कामाचं आहे. तुमच्यापैकी कुणाचा बँकेत लॉकर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार, जानेवारी २०२२ पासून, लॉकर उघडला की बँकेनं त्या दिवसाअखेर तारीख-वेळेसह मेसेज पाठवायचा असतो. सोय चांगली आहे, तुमच्या नकळत कुणी लॉकर उघडला तर कळावं म्हणून. पण मेसेज जातो नोंदवलेल्या नंबरवर. भिशीत आम्ही विचारलं, तर लॉकर असलेल्या पाचजणींपैकी चौघींच्या खात्याला नंबर होता नवऱ्याचा किंवा मुलाचा. लॉकर बाईच्या नावावर, दागिने माहेरचे, किल्ली तिच्या डब्यात, आणि टिंग दुसऱ्याच्या खिशात! पुढच्या सोमवारी दोघी बँकेत जाऊन आल्या. नंबर बदलायचा अर्ज शाखेतच मिळाला. जाताना पासबुक, आधारची झेरॉक्स आणि स्वतःचा मोबाइल चालू ठेवून न्या. खात्री करायला ओटीपी येतो, तो तिथंच सांगावा लागतो.